इस्तंबूलचा पहिला दिवस

आपल्याकडे परदेश म्हटला की पूर्वी दोनच गोष्टी डोळ्यांसमोर यायच्या. एक हज-उमरा आणि दुसरी आखातातली नोकरी. कोकणातल्या मुस्लिम घरांत कुवेत, दुबई, दोहा ही नावं खेड-महाडइतकीच सवयीची आहेत. पण सगळ्या कुटुंबानं मिळून, केवळ दुनिया पाहण्यासाठी परदेशी जायचं, ही रीत तशी नवीच. आता तुर्कस्तान, उझबेकिस्तान, अझरबैजान इथल्या ग्रुप टूर निघतात आणि एकाच बसमध्ये आजी, मुलगा-सून आणि नातवंडं अशा तीन पिढ्या बसलेल्या दिसतात.

गेल्या ऑक्टोबरमध्ये चिपळूणहून आम्हीही निघालो. मी, हे, चौदा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही सगळे अम्मीच म्हणतो. तुर्कस्तानची आठ दिवसांची टूर होती. इथं मी फक्त पहिल्या दिवसाबद्दल लिहिणार आहे. कारण पहिल्या दिवशी बसमधल्या जागा ठरतात, तसंच आणखीही काही ठरून जातं. कोण पुढं चालणार, कोण मागं राहणार आणि कोण "तुम्ही जा, मी बसते" म्हणणार. पहिल्या दिवशी जो मागं राहिला, तो बहुधा आठही दिवस मागंच राहतो.

दिवस सुरू होतो आदल्या रात्रीच

टूरच्या कागदावर "दिवस पहिला : इस्तंबूल आगमन, शहरदर्शन, रात्रीचे जेवण" एवढंच लिहिलेलं असतं. वाचताना सोपं वाटतं. पण घड्याळ घेऊन बसलं की हिशेब वेगळाच निघतो.

आमचं विमान मुंबईहून पहाटे साडेसहाचं होतं. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचं, म्हणून मुंब्र्याला नातेवाइकांकडे मुक्काम करूनही रात्री एकलाच उठावं लागलं. प्रवास साधारण सात तासांचा. तुर्कस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं. म्हणून आम्ही उतरलो तेव्हा तिथं सकाळचे अकरा वाजले होते आणि आपल्याकडे दुपारचा दीड. त्या दिवशी हॉटेलवर पोहोचायची वेळ रात्री आठची होती, म्हणजे आपल्या घड्याळात साडेदहा. सलग साडेएकवीस तास जागरण, आणि त्यातच शहर पाहायचं. तरुण माणसाला हे जमतं. नऊ वर्षांच्या पोरीला आणि बहात्तरीच्या बाईला ते जमवून द्यावं लागतं.

अम्मींना मधुमेह आहे. निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून वेळेच्या फरकात गोळ्या कशा घ्यायच्या, ते विचारून घेतलं होतं. एका कागदावर दोन रकाने केले, एकात आपली वेळ, दुसऱ्यात तिथली. तो कागद आणि गोळ्या अम्मींच्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. सोबत खजूर आणि खारी बिस्किटं.

व्हीलचेअरला मात्र त्यांचा विरोध होता. "मी काय आजारी आहे?" असं त्यांनी तिकीट काढतानाच सांगितलं होतं. तरी आम्ही बुकिंगच्या वेळी विमान कंपनीकडे ती नोंदवून ठेवली, आणि बरं झालं. इस्तंबूलचं नवं विमानतळ २०१८ साली सुरू झालं आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये जुन्या अतातुर्क विमानतळावरची प्रवासी विमानं तिकडं हलवण्यात आली. ते इतकं लांबरुंद आहे की विमानातून उतरल्यापासून बॅगा मिळेपर्यंत चिपळूणच्या बाजारात दोन फेऱ्या व्हाव्यात. खुर्ची ढकलणारा तुर्की मुलगा "होश गेल्दिनिझ" म्हणाला. तिकडं स्वागत असंच करतात. त्यातला "होश" म्हणजे आपला "खुश", हे अम्मींनी लगेच ओळखलं आणि त्या निमूटपणे बसल्या.

अडतीस जणांची बस

आमच्या ग्रुपमध्ये अडतीस माणसं होती. पुणे, सोलापूर, मुंब्रा, रत्नागिरी. मुंबईहून आलेला एक टूर मॅनेजर आणि तिथली एक गाइडबाई. तुर्कस्तानात प्रवाशांना स्थळं दाखवायचं काम परवाना असलेल्या स्थानिक गाइडनंच करायचं, असा कायदा आहे. त्यामुळे मॅनेजर हॉटेल, जेवण, बस पाहतो आणि इतिहास गाइड सांगते. कुठली गोष्ट कुणाला विचारायची, हे पहिल्या तासातच कळलेलं बरं.

विमानतळ काळ्या समुद्राच्या बाजूला आहे. जुनं शहर तिथून चाळीसेक किलोमीटर. बस निघाली तेव्हा एक वाजायला आला होता आणि जोहरची वेळ झालेली. सोलापूरच्या एका खालांनी हळूच विचारलं, "नमाजाचं कसं?" बसमध्ये जरा चुळबुळ झाली. सगळ्यांच्या मनात होतं, पण पहिल्या दिवशी, अनोळखी लोकांत, विचारायचं कुणी?

त्या एका प्रश्नामुळे पुढच्या आठ दिवसांची सोय झाली. मॅनेजरनं सांगितलं की दोन वाजता सुलतान अहमद चौकाजवळ जेवण आहे आणि ट्रामच्या थांब्याशेजारीच फिरूज आगा मशीद आहे, तिथं जोहर पढता येईल. मग एका ज्येष्ठ गृहस्थांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. इस्तंबूलचा मुक्काम तीन रात्रींचा, त्यामुळे हनफी असोत वा शाफई, आपण सारे इथं मुसाफिरच. हनफींमध्ये पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्कामाची नियत असेल तर कस्र. शाफईंकडे आल्या-गेल्याचा दिवस सोडून चार दिवसांपेक्षा कमी. शाफई मुसाफिराला जोहर-अस्र आणि मगरिब-इशा एकत्र पढण्याची सवलत आहे. हनफी नमाज त्या त्या वेळीच पढतील. आणि स्थानिक इमामामागं उभे राहिलात, तर दोघांनीही पूर्ण चार रकात पढायच्या. पाच मिनिटांत सगळं स्पष्ट झालं. त्यानंतर रोज सकाळी मॅनेजर स्वतःच माइकवर सांगू लागला की आज जोहर कुठं आणि अस्र कुठं.

फिरूज आगा मशीद छोटीशी आहे, एका घुमटाची, १४९१ साली बांधलेली. वास्को द गामा कालिकतला पोहोचला त्याच्याही सात वर्षं आधीची. आजूबाजूनं ट्राम, दुकानं, पर्यटकांचे लोंढे, आणि आत एकदम शांत.

जेवणात पहिल्यांदा लाल मसुराचं सूप आलं. वरून लिंबू पिळायचं. अम्मींनी एक चमचा घेतला आणि म्हणाल्या, "ही तर आपली डाळच. फोडणी द्यायची राहिली." मुलीनं भात आणि कबाब खाल्ले. तिखटाची आठवण काढणाऱ्यांसाठी लसणाच्या सुक्या चटणीची एक डबी टेबलावर फिरली आणि अडतीस माणसांची ओळख त्या डबीनं करून दिली. तुर्कस्तानात मांस सर्वसाधारणपणे हलालच असतं. पण बऱ्याच हॉटेलांत दारूही विकली जाते. ज्यांना असं ठिकाण नको, त्यांनी ते टूर ठरवतानाच सांगून ठेवावं.

"तुम्ही जा, मी बसते"

जेवणानंतर गाइडनं कार्यक्रम सांगितला. आधी जुना हिप्पोड्रोम, मग सुलतान अहमद मशीद, मग हागिया सोफिया बाहेरून, मग मोठा बाजार. तीन-साडेतीन तास, सगळं पायी. जुन्या शहरातले रस्ते दगडी, कुठं चढ, कुठं उतार. हे ऐकताच अम्मी म्हणाल्या, "तुम्ही जा. मी बसते बसमध्ये."

आपल्या घरांतल्या मोठ्या माणसांचं हे वाक्य सगळ्यांच्या ओळखीचं असेल. लग्नात, जत्रेत, दवाखान्यात, सगळीकडे ते ऐकू येतं. त्यात थकवा असतो, पण त्याहून जास्त असतो तो संकोच. माझ्यामुळे दुसऱ्यांचा खोळंबा नको. आपण एकदा "बरं" म्हटलं की दुसऱ्या दिवशी त्या विचारायच्या आधीच बसून राहतात. मग इतके पैसे खर्चून आईला परदेशी आणायचं आणि तिला बसच्या काचेतून दाखवायचं, असं होतं.

शिवाय बस तिथं थांबणारही नव्हती. सुलतान अहमद चौकात मोठ्या गाड्यांना थांबता येत नाही. माणसं उतरवून त्या लांब जातात.

मी मॅनेजरला बाजूला घेऊन चार प्रश्न विचारले. यातलं कमीत कमी चालणं कुठं? बसायला बाकं कुठं? स्वच्छतागृह कुठं? आणि सगळे पुन्हा कुठं, किती वाजता जमणार? त्यानं गाइडला विचारलं. तिनं हसून समोर बोट दाखवलं. सुलतान अहमद मशीद आणि हागिया सोफिया या दोन इमारती समोरासमोर आहेत. मधे बाग, कारंजं आणि ओळीनं मांडलेली बाकं. म्हणजे या शहरातल्या दोन सर्वात मोठ्या गोष्टी बसल्या जागेवरून दिसतात.

असं ठरलं की अम्मी हिप्पोड्रोमचं टोक गाठणार नाहीत, बाजारातही येणार नाहीत. बाकावर बसतील आणि अस्रला मशिदीत येतील. माझ्या मुलाला काम दिलं: ग्रुपचा शेवटचा माणूस तू. दादी जिथं, तिथं तू. मागं कुणी राहिलं नाही ना, हे पाहायचं. चौदा वर्षांच्या मुलाला "दादीला सांभाळ" म्हटलं तर तो तोंड वाकडं करतो. "सगळ्या ग्रुपवर लक्ष ठेव" म्हटलं की ताठ उभा राहतो.

हे पाहून सोलापूरच्या खाला आणि पुण्याचे एक आजोबाही बाकाकडं वळले. त्यांचेही पाय दुखत होते, पण बोलत नव्हते.

बाकी आम्ही हिप्पोड्रोम पाहून आलो. इथं एके काळी रथांच्या शर्यती होत. आता तो लांबट चौक आहे. त्यात इजिप्तमधून आणलेला फेरो थुटमोस तिसरा याच्या काळातला दगडी स्तंभ उभा आहे. रोमन सम्राट थिओडोसियसनं तो ३९० साली इथं बसवला. स्तंभ साडेतीन हजार वर्षांचा जुना, तरी त्यावरची चित्रलिपी काल कोरल्यासारखी. माझी मुलगी मात्र स्तंभापेक्षा त्याच्या पायथ्याशी झोपलेल्या मांजरात रमली. या शहरात मांजरं सगळीकडे आहेत आणि कुणी त्यांना हाकलत नाही.

अस्रची जमात

चार वाजायला आले आणि अजान सुरू झाली. आम्ही बाकांपाशी परतलो होतो. तिथली एक जुनी पद्धत आहे. सुलतान अहमदच्या मुअज्जिननं एक ओळ म्हटली की तो थांबतो आणि पुढचा आवाज समोरच्या हागिया सोफियावरून येतो. एक इकडून, एक तिकडून. अम्मी बरोबर मधे बसल्या होत्या. त्यांनी डोक्यावरची ओढणी सारखी केली, डोळे मिटले आणि अजान संपेपर्यंत काही बोलल्या नाहीत.

नमाजाच्या वेळी सुलतान अहमद मशीद पर्यटकांना बंद असते, नमाजींना नाही. दारावरच्या माणसानं आमच्याकडे पाहिलं, मी "नमाज" म्हटलं, त्यानं मान हलवून आत जाऊ दिलं. वुजूसाठी बायकांची जागा वेगळी आहे. चपला ठेवायला पिशव्या मिळतात.

ही मशीद सुलतान अहमद पहिला याच्या हुकमावरून १६०९ ते १६१६ या काळात बांधली गेली. वास्तुकार होता सेदेफकार मेहमद आगा. मिनार सहा. आतल्या भिंतींवर इझनिक गावच्या वीस हजारांहून अधिक निळ्या-हिरव्या फरशा आहेत, म्हणून युरोपीय लोक तिला निळी मशीद म्हणतात. मधल्या चार खांबांना तिकडं "हत्तीचे पाय" म्हणतात आणि ते तसेच दिसतात.

पण हे सगळं मी नंतर पाहिलं. त्या वेळी मी अम्मींना पाहत होते.

बायकांची जागा मागच्या बाजूला, लाकडी जाळीच्या आड आहे. तिथं आमच्यासारख्या परदेशी बायका थोड्या आणि तिथल्या जास्त होत्या. एकीच्या हातात भाजीची पिशवी. एक मुलगी कॉलेजची बॅग खाली ठेवून सफेत उभी राहिली. एक बाई झोपलेल्या बाळाला भिंतीकडं निजवून आली. बाजारातून घरी जाता जाता नमाज पढायची आणि निघायचं, एवढं साधं. अम्मींच्या वयाच्या एका बाईनं त्यांचे गुडघे पाहिले आणि न विचारता खुर्ची आणून दिली. "हिंदिस्तान?" तिनं विचारलं. अम्मींनी मान हलवली.

जमात उभी राहिली. तिथले लोक हनफी, आम्ही शाफई. रुकूला जाताना आम्ही हात वर उचलले, शेजारणीनं नाही उचलले. कुणी कुणाकडं पाहिलंही नाही. सलाम फिरवल्यावर सगळ्यांनी मिळून तस्बीह केली. मग त्या बाईनं अम्मींच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "अल्लाह कबूल एत्सिन." त्यातले "अल्लाह" आणि "कबूल" पुरेसे होते. अम्मी म्हणाल्या, "आमीन."

बाहेर आल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. चपला घालताना ह्यांना म्हणाल्या, "मक्का-मदिना सोडलं तर आज पहिल्यांदा मी मशिदीत जमातीनं नमाज पढले. आपल्या मोहल्ल्यातली मशीद घरापासून साठ पावलांवर आहे. पन्नास वर्षं अजान ऐकतेय. आतून कशी आहे, मला माहीत नाही."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी नुसतं सांगितलं. ह्यांनी खाली वाकून त्यांच्या चपलेचा पट्टा लावला. तेवढा वेळ त्यांना हवा होता, असं मला वाटलं.

बसमध्ये बसून राहिल्या असत्या, तर हे घडलंच नसतं.

बाहेरून आणि आतून

टूरच्या कागदावर हागिया सोफियापुढं "बाहेरून" असं लिहिलेलं होतं. कार्यक्रम वाचताना हे शब्द नीट पाहावेत. "भेट" म्हणजे आत नेणार, "फोटो स्टॉप" म्हणजे खाली उतरून फोटो, आणि "बाहेरून" म्हणजे बाहेरूनच.

हागिया सोफिया ५३७ साली सम्राट जस्टिनियननं चर्च म्हणून पूर्ण केलं. १४५३ मध्ये एकवीस वर्षांच्या सुलतान मेहमदनं शहर जिंकल्यावर ती मशीद झाली. १९३५ मध्ये संग्रहालय झालं आणि २०२० च्या जुलैपासून पुन्हा मशीद. जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना वरच्या सज्जात जायला २५ युरोचं तिकीट लावलं गेलं. खालचा मजला नमाजासाठी आहे, त्याला तिकीट नाही आणि दरवाजा वेगळा आहे. त्यामुळे मगरिबला आमच्या ग्रुपमधले बरेच जण नमाजासाठी आत गेले. बाहेरून पाहायची इमारत त्यांना नमाजाच्या निमित्तानं आतून मिळाली. अम्मी तेव्हा गेल्या नाहीत. "एका दिवसाला एक पुरे," म्हणाल्या. हेही बरोबरच. आपली ताकद ओळखून "नाही" म्हणणं वेगळं आणि संकोचानं मागं राहणं वेगळं.

बाजारातून आम्ही परतलो तेव्हा त्या बाकावर सिमित, म्हणजे तीळ लावलेली गोल पावाची कडी, खात बसल्या होत्या. विकणाऱ्याशी त्यांचा संवाद झाला होता. त्यानं "ताझे" म्हटलं, त्यांनी "ताजं" ऐकलं. किताब, कलम, दुनिया, हवा, दुकान, हिशेब, असे कितीतरी शब्द तिकडं थोड्या वेगळ्या उच्चारात आहेत. फारसी-अरबीनं आपल्या मराठीलाही दिले आणि तुर्कीलाही.

पहिल्या दिवसासाठी थोडं लक्षात ठेवा

• पहिल्या दिवसाचा थकवा आपल्या घड्याळानं मोजा, तिथल्या नाही.

• व्हीलचेअर तिकिटाच्या वेळीच नोंदवा. लागली नाही तर सोडून देता येते.

• औषधं हातातल्या पिशवीत. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून लिहून घ्या.

• हॉटेलचं कार्ड घरातल्या प्रत्येकाच्या खिशात हवं, मुलांच्याही.

• नमाज, जेवण आणि स्वच्छतागृह याबद्दल पहिल्याच तासात विचारा. तुम्ही विचारलंत की दहा जणांची अडचण सुटते.

• शौचालयात पाणी मिळेल का, ही चिंता तुर्कस्तानात नको. कमोडला पाण्याची बारीक नळी असते. सार्वजनिक ठिकाणी मात्र सुटी नाणी जवळ ठेवा.

• घरातलं मोठं माणूस "मी बसते" म्हणालं, तर लगेच "बरं" म्हणू नका. कुठं बसायचं, तेवढं शोधा.

रात्री हॉटेलवर पोहोचलो तेव्हा मुलगी बसमध्येच झोपली होती. अम्मींनी पाय गरम पाण्यात ठेवले, गोळी घेतली, इशा पढल्या आणि आडव्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी तोपकापी राजवाडा होता. तिथं प्रेषित मुहम्मद (स.) यांचा जुब्बा आणि इतर पवित्र वस्तू जतन केलेल्या आहेत आणि त्या दालनात रात्रंदिवस कुरआनचं पठण चालतं. साडेसातला आम्ही खाली उतरलो, तर अम्मी लॉबीत बूट घालून बसलेल्या. शेजारी सोलापूरच्या खाला आणि पुण्याचे आजोबा. गाइड आत आली, तशा अम्मी तिला मराठीतच म्हणाल्या, "आज बाकं कुठं आहेत, ते आधी सांगा." माझ्या मुलानं त्याचं भाषांतर केलं.